मर्जिनाचे पत्रे

तिस्ताकाठच्या आमच्या पाड्यात कोहिनूर आपासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. नवरा वारल्यावर तिने बिनतारण कर्ज काढून बकऱ्या घेतल्या, त्यांच्या जिवावर दोन पोरी उजवल्या आणि म्हातारपणी सही करायला शिकली. म्हणूनच कर्ज देणाऱ्या संस्थेने तिला आम्हा बायकांच्या गटाची प्रमुख केलं. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांचं पुढचं कर्ज बंद, असा नियम. त्यामुळे वसुलीच्या साहेबांना घाम गाळावा लागत नसे. आम्हीच एकमेकींच्या कोंबड्यांवर डोळा ठेवायचो, आणि कुणाकडे मासळी शिजली की, "हप्त्याला पैसे नाहीत म्हणे, जिभेचे चोचले बघा!" म्हणून नाकं मुरडायचो.

गेल्या साली आछियाचे हप्ते थकले, तेव्हा आपाच पुढे झाली. हप्त्यापोटी विकायला आम्ही आछियाच्या घराचे पत्रे काढले, चुलीवरचं पातेलंही उचललं.

"आपा, भात तेवढा शिजू दे," आछिया म्हणाली.

आपाने अर्धाकच्चा भात केळीच्या पानावर उपडा केला. आछिया ढाक्याला गेली ती गेलीच. तेव्हापासून पाड्यात कुणी कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

यंदा पाळी मर्जिनाची आली. तिचा नवरा सायकलरिक्षासकट खड्ड्यात पडून अंथरुणाला खिळला होता. मंगळवारी हप्ते भरायला आम्ही आपाच्या अंगणात चटईवर बसलो, पण मर्जिना आलीच नाही.

"पूर्ण वसुली होईपर्यंत कुणी उठायचं नाही," साहेब म्हणाले. "आपा, काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणूनच करणार नाही."

माझं डोकं सणकलं. शिलाई मशीनसाठी मला कर्ज मिळायचं होतं. "तुझ्या पोरी उजवून झाल्या, आपा! आता आमच्या पोटावर पाय देतेस होय?"

"ओरड बाई, पण बसून ओरड. साहेबांनी उठायला मनाई केलीय." आपाने चूल पेटवली आणि सगळ्यांपुरती खिचडी टाकली. "साहेब, तुम्हीही चार घास खा. आज बराच वेळ बसायचंय."

साहेब सारखे घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात कुंपणाशी खडखडाट झाला. मर्जिना आपल्याच घराचे पत्रे डोक्यावर घेऊन उभी होती.

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मीच काढले," ती म्हणाली. "दोन राहिलेत. तिथे माझा हात पोचेना."

आपाने उठून तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

"साहेब, हप्ता आला नाही असं लिहा. तिचा नवरा उठला की ती फेडेल. पत्रे मिळणार नाहीत."

"मग सगळ्यांचंच कर्ज बंद!"

आपा आमच्याकडे वळली. "ज्यांना कर्ज हवंय त्यांनी हे पत्रे साहेबांच्या मोटारसायकलला बांधा. मी अडवणार नाही."

ती माझ्याकडेच बघत होती. मी उठले आणि दोन पत्रे उचलले. आपाला शिव्या घालत घालत मर्जिनाच्या घराकडे चालू लागले. मागून बाकीच्या आल्या.

आपा या वयात छपरावर चढली. मर्जिनाने खिळे पदराच्या गाठीत जपून ठेवले होते. ते दगडावर ठोकून सरळ करायचं काम माझ्याकडे आलं, आणि दोनदा माझंच बोट ठेचलं.

मशीन गेलं ते गेलंच. त्याचा राग मला अजूनही येतो. पण त्या संध्याकाळी दारात कुणीतरी हाक मारली. बघते तर मर्जिना, हातात रिकामी वाटी.

"भाबी, थोडं मीठ आहे का गं?"