भिंतीवरची हाडमोडी

माझे भावोजी भिंतींना वॉलपेपर लावतात. लोकांच्या दिवाणखान्यात सरळ रेषेत फुलं फुलवायची, हा धंदा. जीव मात्र सगळा ड्रमवर. शहरातल्या वाद्यवृंदातले ड्रमवाले काका दोन वर्षांनी निवृत्त होणार असं कळलं आणि भावोजींच्या अंगातच आलं. भावोजींना नुकतंच अठ्ठेचाळिसावं संपलेलं, पन्नाशीनंतर कुणाला घेत नाहीत. म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. आणि अट अशी, की हाडमोडी न थांबता वाजवून दाखवायची.

हाडमोडी हे त्या रचनेला वादकांनीच ठेवलेलं नाव. बारा पानं, नऊ वाद्यं, वाजवणारा एकटा. उजव्या हाताला पाचाचा ठेका, डाव्याला साताचा, पायाचा संसार वेगळाच. देवाने माणसाला दोन हात दिले ते विचार करूनच दिले असणार, पण ही रचना करणाऱ्याला ते पटलेलं दिसत नाही. पान उलटायलासुद्धा हात मोकळा नसतो. म्हणून भावोजींनी बाराही पानं मागच्या खोलीच्या भिंतीवर खळीने चिकटवून टाकली आणि दीड वर्षं ताईच्या घरी रोज भूकंप.

"अहो, शेजारी विचारतायत, घर पाडताय का?"

"सांग त्यांना, बांधतोय."

परीक्षेला आठ दिवस असताना ड्रमवाले काका सहज डोकावले. भिंत बघून म्हणाले, "हे शेवटचं पान सुरुवातीला कसं?"

वॉलपेपर नेहमी खिडकीकडून आत लावत नेतात, म्हणजे उजेडात सांधे दिसत नाहीत. खिडकी होती उजवीकडे. सवयीच्या हाताने पहिलं पान खिडकीशी गेलं, बारावं दाराशी. सांधे नीट जुळावेत म्हणून कडा कापल्या, त्यांच्याबरोबर पानांचे आकडेही गेले. मग सगळी नऊ वाद्यं जमेपर्यंत दोन महिने गेले, आणि तोवर क्रम विसरलेले गृहस्थ डावीकडून वाचायला बसले. दीड वर्षं माणूस शेवटाकडून सुरुवातीकडे चालला होता!

"कुणाला कळतंय? तसंच वाजवा," ताई म्हणाली. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत.

परीक्षेला ताईबरोबर मीही गेले. समोर वाद्यवृंदाचे बँडमास्तर आणि काका. भावोजींनी खरं ते सांगून टाकलं. "पानं सगळी येतात, फक्त ओळीने येत नाहीत. तुम्ही आकडा सांगा, मी वाजवतो."

"अट न थांबता वाजवायची आहे," बँडमास्तर म्हणाले.

मी मनात देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात काका खाकरले. "साहेब, आता जातोच आहे तर सांगतो. सातवं पान मी एकतीस वर्षांत एकदाही वाजवलेलं नाही. तिथे जोरात झांज मारतो आणि आठव्यावर येतो."

बँडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला तर तीच जागा सगळ्यात आवडायची!"

मग ते भावोजींकडे वळले. "सात."

भावोजींनी सातवं वाजवलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला, पण एक ठोका चुकला नाही. काका तोंड उघडं टाकून ऐकत होते. बँडमास्तरांनी पुन्हा वाजवायला लावलं, आणि वाजवून झाल्यावर म्हणाले, "बाकीचं ओळीने बसवायला तीन महिने देतो. जागा तुमची."

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही पुढच्या रांगेत. त्या दिवशी हाडमोडी नव्हती. भावोजी चाळीस मिनिटं हाताची घडी घालून बसले, मग उठून एक घंटी दोनदा वाजवली आणि खाली बसले.

"एवढंच?" ताईने बाहेर आल्यावर विचारलं.

"एवढंच काय? चाळीस मिनिटं मात्रा मोजत होतो," भावोजी म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.