फोन असेलच

चेरुतो माझ्या शेजारच्या खोलीत राहते आणि केनियातल्या कप्साबेत गावच्या दूध केंद्रासाठी रस्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. ही भाषा फार किरकिरी आहे, असं ती म्हणायची. "एखादी गोष्ट नसली तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. तुमच्या शाळेतल्या सिस्टरांसारखी!" नवशिक्यांना त्यातून एक पळवाट सापडते. 'अनरॅप' असं लिहायचं, म्हणजे 'असेलच, काढ.' चेरुतोने दूधवाल्यांच्या फोन नंबरापुढे तेच लिहिलं.

मंगळवारी टापकिगेन म्हातारी दूध घेऊन आली. तिच्याकडे फोन नव्हता. नंबर मिळेना, तसा दुधाची नोंद करणारा सगळा प्रोग्रामच बंद पडला, दूध घेणं थांबलं आणि रांगेतलं दूध उन्हात नासलं.

"म्हातारे, गाय पाळतेस, एक फोन नाही पाळता येत?" लोक ओरडले. ती सगळ्यांची माफी मागत राहिली. चेरुतो केंद्राच्या खिडकीआड गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आलीच नाही. चेरुतोने प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली. मग मला सोबत घेऊन ती म्हातारीच्या घरी गेली.

"कोगो," ती म्हणाली; कोगो म्हणजे आजी. "दूध माझ्यामुळे नासलं."

म्हातारीने चहा ओतता ओतता विचारलं, "यंत्राने तुला आधी काही सांगितलं नाही, पोरी?"

"विचारलं होतं. फोन नसला तर काय, म्हणून. मी म्हटलं, असेलच."

"मग उद्या रांगेसमोर हे सांगशील?"

"सांगेन," चेरुतो म्हणाली. पण चहाला तिने हात लावला नाही.