आडव्या माणसाचं माप

माझ्या सुतार मामाने स्वतःच्या घरातल्या कपाटाला करवत लावली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून मला ते खरं वाटत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कारण ते कपाट म्हणजे मामाचा जीव की प्राण. लग्नानंतर मामीने मोठं कपाट मागितलं आणि मामाने ते घरातच, जागेवर उभं केलं. मागच्या खोलीतून आलेली बोळकंडी पुढच्या दाराकडे जिथे वळते, अगदी त्या वळणावर. जमिनीपासून छतापर्यंत, एकही खिळा नाही, सगळं लाकडात लाकूड अडकवून केलेलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये मामा प्रत्येक पाहुण्याला कागद सरकवून बघायला लावायचा. कागद सरकायचा नाही आणि मामाची छाती फुगायची. पाहुणा बिचारा चहाची वाट बघत असायचा.

मामी त्या कपाटाला ‘माझी सवत’ म्हणायची. त्याचा पुढचा खांब वाटेत इतका आलेला, की आम्ही सगळे तिथून खेकड्यासारखे तिरके चालायचो. जाता-येता मामी त्या खांबाला हात टेकायची आणि मामाच्या नावाने बोटं मोडायची. पण परक्या माणसाने कपाटाला नाव ठेवलं, की हीच बाई फणा काढायची. तिच्या तळव्याने खांबावरची एक जागा इतकी गुळगुळीत झाली होती, की लहानपणी आम्ही भावंडं उगाच तिथे गाल लावून उभी राहायचो. दार उघडलं की लाकडाचा आणि धुतलेल्या चादरींचा वास यायचा. माझ्या घरी दुकानातली कपाटं आहेत, दिसायला झकास. त्यांना गाल लावावा असं मला आजवर वाटलेलं नाही.

त्या सकाळी मामी मागच्या खोलीत पाय घसरून पडली. मी शेजारच्या गल्लीतच राहते. मामाचा फोन आला तशी चपला न घालता धावले. खुबा मोडला होता. तिला बसवता येईना, कुशीवर वळवता येईना. दवाखान्याच्या गाडीतून दोघं जण स्ट्रेचर घेऊन आले, तिला अलगद वर घेतलं आणि कपाटापाशी येऊन थबकले. वळणावर स्ट्रेचर वळेना. जरा तिरकं करून बघितलं तर मामी अशी किंचाळली, की मी कानांवर हात ठेवले. मागे दार नाही, खिडकीला लोखंडी गज.

“कपाट थोडं सरकवा,” त्यांच्यातला एक म्हणाला.

मामा हसला की रडला, मला कळलं नाही. “सरकत नाही हो ते,” तो म्हणाला. “मी सरकायला जागाच ठेवली नाही.”

आणि तो आत जाऊन करवत घेऊन आला.

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मामी स्ट्रेचरवरून ओरडली, “अहो, कपाटाला हात लावू नका! मी बसते, मला खुर्चीतून न्या!”

“गप पड!” मामा कडाडला. उभ्या जन्मात बायकोवर आवाज न चढवलेला माणूस! मामी दुखणं विसरून त्याच्याकडे बघतच राहिली.

मी भराभर चादरी, डबे बाहेर ओढले. मामा खांब कापू लागला. एरवी करवत चालवताना तो गुणगुणतो. त्या दिवशी एकच वाक्य पुटपुटत होता, “उभ्या माणसांची मापं घेतली. आडव्या माणसाचं घेतलंच नाही.” खांब निघाला, त्यामागे एक दार, मग फळ्यांची टोकं. मामीला त्या भुशावरून बाहेर नेलं. मी मात्र हातात डबा धरून तशीच उभी होते.

ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी मामी काठी टेकत घरी आली. ती यायच्या आत कपाट जरा नीट कर, असं मी मामाच्या कानीकपाळी ओरडले होते. लोकांच्या स्टुलाची कडा खरखरीत राहिली तरी ज्याला झोप येत नाही, त्याने या फळ्यांना साधा पॉलिशपेपरही लावला नव्हता.

वाट आता ऐसपैस झाली होती. तरी वळणावर मामी सवयीने तिरकी झाली आणि तिने खांबाला टेकायला हात पुढे केला. हात हवेतच राहिला. तिचा तोल गेला. मी पुढे झेपावले, पण मामा माझ्याआधी पोचला आणि खांबाच्या जागी उभा राहिला. मामीचा तळवा त्याच्या खांद्यावर पडला.

ती कापलेल्या फळ्यांकडे बघत राहिली आणि ढसाढसा रडू लागली. पडली तेव्हाही इतकी रडली नव्हती. “काय करून ठेवलंत हे?” ती म्हणाली. “आता मी कुणाला धरून चालू?”

मामा अजून थोडा जवळ सरकला.

मामीने पदराने नाक पुसलं. “इतकं काय चिकटून उभे राहता? कागद तरी सरकू द्या.”

मामा तसूभर हलला नाही.