चीज न आवडणारा फोर्त्युने

आमच्या बानों गावच्या बाजारात देल्फीन रुबोचं शेळीचं चीज नावाजलेलं होतं. ती ते चेस्टनटच्या वाळल्या पानांत गुंडाळून पिकायला ठेवायची. तिचा नवरा फोर्त्युने शेळ्या चारायचा, धारा काढायचा, पण चीज जिभेला लावत नसे. लहानपणी आजोबांनी त्याला ते जबरदस्तीने भरवलं होतं, तेव्हापासून नुसत्या वासानेच त्याला मळमळायचं.

एका हिवाळ्यात देल्फीन तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती परत आलीच नाही. चीज पिकलंय की बिघडलंय, हे तिला कळेना. शेवटी तिने चीजच्या एका गोळ्याची पानं सोडली आणि तुकडा नवऱ्यापुढे धरला.

"मी? अगं, त्यापेक्षा बोकडाचा मुका घेईन!"

"तो नंतर घे. आधी हे खाऊन सांग."

फोर्त्युनेने डोळे मिटून तुकडा गिळला. "घाण आहे."

"नेहमीची घाण, की वेगळी?"

त्याने जरा विचार केला. "नेहमीचीच."

देल्फीनने ते चीज बाजारात नेलं आणि दुपारच्या आत सगळं खपलं.

त्यानंतर ती होती तोवर दर बाजाराच्या सकाळी तो एक तुकडा खात राहिला. दोनदा त्याने "ही घाण वेगळी आहे" म्हटलं, आणि तिने दोन्ही वेळा फळीवर पिकायला ठेवलेलं सगळं चीज डुकरांना घातलं. चीज त्याला कधीच आवडलं नाही. तुकडा गिळला की पेलाभर वाइन पिऊन तो शेळ्या सोडायला जायचा.