वारुळातले तामडे

"अण्णा, हात बाहेर काढा! नाग डसेल!"

नागपंचमीच्या सकाळी मल्लेश्वरमच्या साऱ्या बायका वारुळाभोवती एका सुरात ओरडत होत्या, आणि आमचे शेजारी अण्णा, दुधानं भिजलेल्या त्या वारुळात खांद्यापर्यंत हात घालून, आतूनच बोलावं तसे बोलत होते, "नागाला म्हणावं, स्वल्प सरक!" त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांची अक्का, तेवढी दुधाचं रिकामं भांडं पुसत उभी होती.

अण्णांइतका जमिनीखाली राहणारा माणूस अवघ्या बेंगळुरात नव्हता; वर ते फक्त जेवायला येत. सरकारी भूगर्भ खात्यातली नोकरी हे निमित्त. लग्नाच्या पंगतीत भातात खडा लागला की लोक आचाऱ्यावर तुटून पडत. अण्णा तो खडा भिंगाखाली धरत आणि तांदूळ कुठल्या गावचा ते विचारत. कुणी घर बांधायला काढलं की वाळूच्या ढिगावर पहिले अण्णा, हातात अक्काची पिठाची चाळण.

मुळात अक्काला लग्नात हिऱ्यांच्या कुड्या घालायच्या ठरल्या होत्या. अण्णांनी सराफाला मांडवातून परत पाठवलं. "भूगर्भवाल्याच्या बायकोनं दुकानातला हिरा घालायचा? मी शोधून आणतो!" तेव्हापासून अक्काच्या कानांत कडुनिंबाच्या काड्या. भोकं बुजू नयेत म्हणून.

हिरा सहज सापडत नाही, पण ज्या ज्वालामुखी खडकातून तो वर येतो त्यात जांभळट तामडे, म्हणजे गार्नेटचे खडे, पसापसा असतात, असं अण्णा दूधवाल्यालाही समजावत. तामड्याच्या पोटात क्रोमियम भरपूर निघालं, की खाली हिऱ्यांची आशा. आणि खोलातली माती फुकट उपसून देणारे मजूर म्हणजे वारुळातल्या मुंग्या!

त्या दिवशी वारुळातून मूठभर तामडे निघाले. ज्वारीएवढे, जांभळे. काही दाणे तपासायला गेले आणि अण्णांनी मनातल्या मनात निम्मं मल्लेश्वरम खणून काढलं. शेजारणींच्या कुड्यांकडे ते आता कीव करून बघत.

प्रयोगशाळेतून परतले तेव्हा मी त्यांच्या व्हरांड्यात कॉफी पीत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णा जमिनीकडे न बघता चालत आले.

"क्रोमियम नावालाही नाही," ते म्हणाले. "साधे तामडे. खाली काही नाही." मग त्यांची नजर अक्काच्या कानांतल्या त्या काड्यांवर गेली. "उद्या सराफाकडे जाऊ."

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या तामड्यांतलेच दोन सारखे बघून द्या. स्वल्प पुसून."