रोडग्यांना दिलेला दम

घरामागच्या आवारात विस्तव पेटवायचा तर माणूस जबाबदार लागतो, आणि अख्ख्या मारेगावात माझ्याइतका जबाबदार माणूस दुसरा नाही. हे माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे.

मुलीच्या लग्नानंतर आमचे व्याही पहिल्यांदाच साताऱ्याहून येणार होते आणि त्यांना गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे खायचे होते. कणकेचे मुठीएवढे गोळे, वरून तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ टाकायचं राहून गेलं होतं (आम्ही ते विसरलो, त्यांनी नाही), त्यामुळे या एका जेवणावर आमची सगळी इज्जत टांगलेली!

अडचण एकच. कुंपणापलीकडे सिंधूकाकूंचं टिनाचं शेड, आणि त्यात भाव वाढेल म्हणून छतापर्यंत कोंबून ठेवलेला वर्षाचा कापूस. मी कुदळ हातात घेतलेली दिसताच काकू कुंपणाशी आल्या.

"गजाभाऊ, माह्या कापसाले एक ठिणगी जरी लागली ना, तं मी तुमच्याच वाती वळीन."

मी ते फार मनावर घेतलं. खड्डा शेडपासून लांबच्या कोपऱ्यात खणला, भोवती विटा रचल्या. एवढ्यावर न थांबता नगरपंचायतीत जाऊन परवानगी लागते का तेही विचारलं. तिथले बाबू म्हणाले, कचरा जाळू नका, प्लास्टिक जाळू नका, जवळ पाणी ठेवा, वारा सुटला की विझवा, आणि विस्तव जिता सोडून कुठं जाऊ नका. (रोडगे किती वाजता निघतील, हेही त्यांनी हळूच विचारून घेतलं.) मी दोन बादल्या भरून ठेवल्या आणि हे नियम घरात इतक्यांदा ऐकवले की बायको म्हणाली, "आता तुमीच जाऊन बसा त्या खड्ड्यात."

संध्याकाळी गोवऱ्या पेटवून, विस्तव आणि त्यात पुरायचे रोडगे बायकोच्या हवाली करून मी बसस्टँडवर गेलो. बस आली उशिरा. व्याही आणि विहीणबाईंना घेऊन थेट मागच्या आवारात शिरलो, तर खड्ड्यापाशी चिटपाखरू नाही! राखेचा ढीग, आतून निखारे लाललाल, आणि वारा सुटलेला! बायकोनं रोडगे काढून आत नेले आणि विस्तव तसाच टाकला, याबद्दल मला काडीचीही शंका उरली नाही.

"नियम पाळणारा घरात एकच असतो बघा," असं व्याह्यांना ऐकवून मी पहिली बादली ओतली. फस्स! पांढऱ्या वाफेचा हा मोठा ढग! लगेच दुसरी ओतली.

बायको हातात पळी घेऊन दारात उभी. तिचा आवाज अगदी हळू होता, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"रोडगे काढले होते काय तुमी?"

"मी? तू काढले ना?"

"मी वांगे फोडणीले टाकाले गेलती."

तेवढ्यात पलीकडून तो ढग पाहून काकू कळशी घेऊन धावत आल्या आणि काही एक न विचारता तीही खड्ड्यात रिकामी केली.

राखेच्या चिखलातून एक रोडगा सावकाश वर आला.

"अच्छा," व्याही मान डोलावत म्हणाले, "शेवटी वाफ देता तर. आणि ती कळशी शेजाऱ्यांच्या मानाची?"

"हो," मी म्हणालो. "दम म्हणतात त्याला."

"ह्यायचीच खासियत हाय ते," बायको माझ्याकडे पळी रोखत म्हणाली.

तिनं आत जाऊन ते रोडगे धुतले, पुसले, चिरले आणि साजूक तुपात खरपूस तळले. व्याह्यांनी तीनदा मागून घेतले. मिठाचा विषय निघाला नाही. काकूंचा कापूसही जागेवर होता, आणि त्या स्वतः आमच्या पंगतीत. मी तृप्त ढेकर दिला.

परवा व्याह्यांचा साताऱ्याहून फोन आला. बंगल्यामागं खड्डा खणला, गोवऱ्या मिळवल्या, दोन्ही बादल्या वेळेवर ओतल्या, पण शेजारचे जोशी कळशी ओतायला तयार नाहीत, तुम्हीच जरा समजावा.

बायको समोरच बसली होती. तिच्याकडे न बघता मी जोशींना समजावलं. फोनमधून "फस्स" असं स्पष्ट ऐकू आलं, आणि साताऱ्यात वऱ्हाडी रोडग्याचं कायमचं वाटोळं करून मी फोन ठेवला.