भर दुपारची अंघोळ

जाधवबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की बसण्याआधी मोरीत डोकावत. आमच्याकडेही तसंच झालं. चारकोपच्या नव्या वसाहतीत आम्ही अजून सामान लावत होतो, तेवढ्यात एक उंच, सावळी बाई दारात उभी राहिली. "मी शेजारची जाधव, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असते," असं म्हणून ती थेट मोरीकडे गेली. माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं, ते कसं वाहत जातंय ते वाकून पाहिलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "उतार चांगलाय. तुमचं पाणी लवकर पोचेल." कुठे पोचेल, हे विचारायचं त्या दिवशी मला सुचलं नाही.

बाई सांताक्रूझला परगावचे ट्रंक कॉल जोडायच्या. तिकडे कुणी बाप मुलाच्या आवाजासाठी ताटकळलेला, कुणी व्यापारी खेकसत असलेला, आणि सगळ्यांना बाईंचं एकच उत्तर, "होल्ड करा, लागतंय." ते वाक्य त्यांच्या जिभेवरून घरी यायचं. कुकरची शिट्टी होत नसली, की होल्ड करा. चौकातल्या दोन बायकांचं भांडण पेटलं, की दोघींच्या मध्ये उभ्या राहून, होल्ड करा. राग म्हणून त्यांना कधी आलेला मी पाहिला नाही. माझा मात्र नाकाच्या शेंड्यावर असे, त्यामुळे आमचं छान जमलं.

ते पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असावं. आमच्या सोसायटीची घरं एका चौकाभोवती होती आणि नळाला सकाळी तासभर पाणी. त्यातलंच निम्मं संडासात ओतायचं. बाईंना हे सहन होत नसे. "अगं, प्यायच्या पाण्याने संडास धुतो आपण, आणि अंघोळीचं चांगलं पाणी गटारात सोडतो. अक्कल गहाण टाकलीय का?" सगळ्या मोऱ्यांचं पाणी एका ठिकाणी आणायचं, खडी, कोळसा आणि वाळूतून गाळायचं, आणि संडासाला व झाडांना परत वापरायचं, हा त्यांचा बेत. अशा कामाला सरकारी कर्ज मिळतं, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. अटी दोन. साहेबाला नमुना चालताना दिसला पाहिजे आणि प्रत्येक घराने जामीन म्हणून सही केली पाहिजे.

नमुना झाला. बाईंनी आम्हा बायकांकडून टोपल्या टोपल्या वाळू धुऊन घेतली आणि चौकाच्या सखल कोपऱ्यात, गटाराच्या तोंडाखाली ठेवलेल्या एका मोठ्या पिंपात थर रचले. पिंपातून पहिल्यांदा नितळ पाणी पडलं, तेव्हा मी बाईंना मिठीच मारली. सह्याही झाल्या, एक सोडून.

ती परबअण्णांची. अण्णा मालवणकडचे, गिरणीतून बाहेर पडलेले, चौकात त्यांचा शब्द मोठा, आणि पिंप नेमकं त्यांच्याच दाराशी. ते म्हणाले, "सगळ्यांच्या आंगावरचा पाणी माझ्या दारात? कोणाकोणाचा? माका जमाचा नाय." त्या 'कोणाकोणाचा'मध्ये काय होतं ते चौकात सगळ्यांना कळलं. बाई नगरकडच्या, बौद्ध. त्यांच्या घरात समोरच बाबासाहेबांची तसबीर होती. मी संतापले. "बाई, ऐकून काय घेता? सुनावा त्याला." बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, तो मला अजून दिसतो. मग म्हणाल्या, "सुनावलं की लाइन कट होते गं. होल्ड कर, लागेल."

साहेब यायचा दिवस ठरला. बाईंची त्या दिवशी सकाळची ड्यूटी, सुटून त्या साहेबाबरोबरच पोचणार होत्या. इकडे आमच्या सासूबाईंना आदल्या संध्याकाळी साक्षात्कार झाला. "सरकारी माणूस येणार, आणि चौकात ओली लुगडी लोंबतायत, बरं दिसेल का?" सगळ्यांना पटलं. मग काय, पहाटेच सगळ्या चौकाने अंघोळी उरकल्या, कपडे धुतले, वाळवले, घड्या केल्या. गटार घासून कोरडं केलं. पिंपाखाली जमलेलं पाणी अंगणात शिंपडून टाकलं. पिंपाभोवती रांगोळी काढली, तोटीला झेंडूची माळ घातली. आम्ही नव्या साड्या नेसून उभ्या राहिलो.

साहेब आले, खुश झाले. बाईंनी अभिमानाने तोटी सोडली. तोटीतून एक थेंब येईना. साहेबांनी माळेकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं. "पाणी कुठंय?"

बाईंनी आमच्या केसातल्या गजऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. मला वाटलं, आता वाट लागली. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, बसा. चहा घ्या. होल्ड करा, लागतंय." आणि आमच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "पळा. कपडे परत भिजवा. पोरांना न्हाऊ घाला. जे साठवलंय ते ओता."

त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. घडी केलेले धुतले कपडे आम्ही पुन्हा आपटू लागलो. पोरं दुसऱ्यांदा अंघोळ म्हणून बोंबलत होती. सासूबाई नव्या लुगड्यातच भांडी घासायला बसल्या. साठवलेल्या बादल्या रित्या होत होत्या, संध्याकाळी स्वयंपाकाला पाणी कुठून आणायचं याचा कुणी विचार केला नाही. गटारातून पाणी धावू लागलं. पण वाळू सकाळपासून कोरडी पडलेली, ती आधी स्वतःच पिऊन घेत होती. साहेबांचा दुसरा कप संपला. ते घड्याळ पाहून उठले. "बाई, पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात परबांचं दार उघडलं. अण्णा पंचा नेसून, घरातलं पाण्याने भरलेलं पिंप फरफटत ओढत बाहेर आले. गाळणीच्या पिंपाच्या अगदी शेजारच्या पायरीवर बसले आणि भर चौकात, साहेबांच्या समोर, तांब्यामागून तांबे डोक्यावर ओतायला लागले. आम्ही सगळ्या थिजलो. "काय बघतास?" अण्णा ओरडले. "सरकारचो माणूस आमच्या दारातसून तसोच परत जातलो? मगे आमचा तोंड खंय दाखवचा?" त्यांच्या अंगावरचं पाणी आमच्या पाण्यात मिसळून गाळणीत गेलं.

तोटी आधी गुरगुरली, मग तिच्यातून बारीक धार आली. साहेबांनी ग्लास भरून उन्हात धरला आणि हसले. अण्णांनी निथळत्या हातानेच सही केली. बाईंनी त्यांच्यापुढे कोरडा पंचा धरला. "अण्णा, सर्दी होईल." अण्णांनी तो घेतला, मान मात्र वर केली नाही. कर्ज मंजूर झालं. मोठी टाकी झाली, पंप बसला, कोपऱ्यात अळूचा मळा फोफावला, आणि उन्हाळ्यात शेजारच्या सोसायट्या टँकरमागे धावत असताना आमचा चौक हिरवागार असे.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. ड्यूटीवरच छातीत कळ आली. घरी कळवायचा फोनही त्यांनी स्वतःच जोडला होता, असं त्यांच्या मैत्रिणी सांगत होत्या. सगळा चौक स्मशानात गेला. अण्णांनी खांदा दिला, कुणालाही न विचारता.

दुपारी आम्ही परतलो आणि रीतीप्रमाणे घरोघरी अंघोळी सुरू झाल्या. एकाच वेळी, सगळ्या मोऱ्यांतून. गटारातून पाणी धावल्याचा आवाज येत होता. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर अण्णा टाकीपाशी बसलेले. टाकी कधी नव्हे ती काठोकाठ भरली होती आणि पाणी अळूत उतरत होतं. अण्णांनी तोटी सोडली, ओंजळ भरली, पाणी डोळ्यांना लावलं.

"बाईंक सांग गो," ते म्हणाले, "लागला म्हणून."